मका आणि जोडीला सिनेमा

थिएटरात जाऊन सिनेमा बघणं अजूनही परवडतं, असं माझं ठाम मत आहे. परवडत नाही तो मका. मल्टिप्लेक्स हे मुळात लाह्यांचं दुकान. गिऱ्हाईक तीन तास हलू नये म्हणून समोर पडदा लावलेला, इतकंच. दारात पर्समधल्या चकलीची झडती अशी होते, की सीमा शुल्कवाल्यांनी येऊन शिकावं. जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं : बाहेरचं खाणं अडवायचा हक्क मालकांना आहे, मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेऊ द्यायला हवं. म्हणजे स्वस्तात सिनेमा बघायचा तर कडेवर बाळ हवं, नाहीतर पाण्यावर उपास.

मराठी सिनेमाची तऱ्हा आणखी न्यारी. खेळ लावायचा ऐन ऑफिसच्या वेळी आणि मग रिकाम्या खुर्च्या दाखवून विचारायचं, ‘मराठी माणूस येतो कुठे?’ त्याच २०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका नटूनथटून, गॉगल लावून घोळक्याघोळक्याने गेल्या आणि खेळामागून खेळ भरले. (नवरे घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत असावेत.) ती धमाल सोफ्यावर होत नाही. तिथे हसायला फार तर फ्रिज सोबतीला.

तेव्हा घोळका जमत असेल तर खुशाल थिएटरात जा. एकटेच असाल तर ओटीटी बरं. आणि जाणारच असाल, तर कृपा करून घरून पोटभर जेवून निघा.