मोजणीकाकांचा मळका रणगाडा

पैसे मोजून धूळ विकत घेणारा माणूस अख्ख्या पुसदमध्ये एकच. चारी बाजूंनी डोंगर, मधे गाव. मे महिन्यात नुसतं चौकात उभं राहिलं तरी अर्ध्या तासात माणूस फुकट मातकट होऊन घरी येतो. मोजणीकाकांकडे मात्र कुरिअरवाला अंगठ्याएवढ्या बाटल्या आणून देतो. एकीत युरोपातली धूळ, दुसरीत वाळवंटाची, तिसरीत जुना गंज. एका बाटलीच्या पैशात तूरडाळ किती येते, हे काकूंनी एकदा सांगून पाहिलं. आता त्या फक्त सही करून बाटली घेतात.

काकांचा जन्म भूमी अभिलेख खात्यात गेला. बांधावरून हमरीतुमरीवर आलेले दोन सख्खे भाऊ आणि मधे साखळी धरून उभे काका, हे दृश्य तालुक्यानं वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आठ एकराचं शेत कागदावर तळहाताएवढं करायचं, हीच सवय. त्यामुळे निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्यानं प्लास्टिकच्या रणगाड्याचा खोका आणून दिला, तेव्हा काकांनी चित्र पाहिलं नाही. कोपऱ्यातलं प्रमाण पाहिलं. एकास पस्तीस.

पस्तीसच का? पन्नास का नाही? काकांनी शोध घेतला तर निराळीच भानगड निघाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानात शिझुओकाच्या तामिया कंपनीनं जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, आत मोटर बसवून. बॅटऱ्या मावतील एवढं पोट ठेवलं आणि मागाहून हिशेब केला तर ते साधारण पस्तिसावा हिस्सा निघालं. तेच पुढे जगभर रूढ झालं. काका हे सांगताना अजूनही चिडतात. "म्हणजे अतिक्रमण आधी आणि नकाशा मागाहून! जपानातही हेच चालतं तर!"

त्यांचा रणगाडा मात्र पँथर नव्हे, पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्या रणगाड्याचं नाव 'फॅमागुस्टा'. तो पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जतन करून ठेवला गेला. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय 1994 पासून आहे आणि काका ते पाहून आले आहेत. बाकीची मंडळी तोफेपुढे उभं राहून फोटो काढत होती. काका उकिडवे बसून चाकांमागे मळ कुठे साचतो ते पाहत होते. पहारेकऱ्यानं विचारलं, "काही पडलं का आजोबा?"

खरा सेंच्युरियन भरतो एकावन्न टनांच्या घरात. लांबी पस्तीस पटीनं घटली की वजन पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस इतक्या पटीनं घटतं. म्हणजे मॉडेल 1 किलो 200 ग्रॅमच्या आसपास हवं. प्लास्टिक भरलं त्याच्या पासंगाला. मग काका पूस धरणावरच्या मासेमारांकडून जाळ्याचे शिशाचे मणी घेऊन आले आणि रणगाड्याच्या पोटात भरले. बाहेरून हे कुणालाही दिसत नाही, असं मी म्हणालो. "हद्दीचा दगडही जमिनीतच असतो," काका म्हणाले.

जोडणी लवकर आटोपली. रणगाडा हिरवागार, नवाकोरा, शोकेसमध्ये ठेवावा असा झाला. काकूंनी तशी जागाही करून ठेवली. आणि काका म्हणाले, आता खरं काम सुरू. आता तो जुना करायचा.

त्याचं शास्त्र असं. आधी सगळ्या अंगाला गंजाचा तपकिरी रंग. त्यावर केसांना मारायचा स्प्रे. (टक्कल पडलेल्या माणसानं तो लेडीज शॉपीत मागितला तेव्हा दुकानदारानं, चांगला माणूस, काही विचारलं नाही.) त्यावर हिरवा रंग. तो सुकला की ओल्या ब्रशनं हलकेच घासायचं. खालचा स्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा हिरवा रंग टवके होऊन निघतो आणि आतला गंज डोकावतो. मग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ केलेला तपकिरी तैलरंग ब्रशच्या टोकावर घेऊन बोल्टच्या बुडाशी नुसता टेकवायचा; तो आपोआप गोल धावून कडेला थांबतो. काका त्या वेळी श्वास रोखून धरतात. काकूंचं म्हणणं, लग्नात मंगळसूत्र घालतानाही यांचा हात एवढा जपून चालला नव्हता.

मळ अंगभर लागत नाही, हा काकांचा सिद्धांत. जिथे पाय पडतो तिथे रंग उडतो, जिथे इंधन सांडतं तिथे काळा ओघळ येतो, जिथे चाक माती उडवतं तिथेच ती थापली जाते. हे शिकायला ते आठवडी बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरांच्या रांगेत फिरतात. एकदा एका ट्रॅक्टरचे चहूबाजूंनी फोटो काढत होते. मडगार्ड, पायरी, टाकीचं झाकण. मालक हातातला चहा टाकून धावत आला.

"साहेब, ओढून नका नेऊ. कापूस निघू द्या, दोन्ही हप्ते एकदम भरतो ना बावा!"

"मी फायनान्सचा नाही हो. तुमचा गंज फार छान आहे, म्हणून थांबलो."

त्या माणसाला हप्त्याची धमकी बरी वाटली असती.

मातीचा प्रश्न मात्र बिकट होता. पुसदची माती काळी, कपाशीची, बसंतरकाठची फिकी. शेजारचा मुलगा सैन्यात, जम्मूकडे. सुट्टीवर येताना त्यानं श्रीखंडाच्या डब्यातून सांबा भागातली माती आणली. काकूंनी डबा देव्हाऱ्यात ठेवला, वैष्णोदेवीचा अंगारा समजून, आणि आल्यागेल्याच्या कपाळी लावला. उरलेली माती काकांनी खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ केली, कारण ढेकूळही पस्तिसाव्या हिश्शाचंच पाहिजे.

असा मनासारखा मळलेला रणगाडा तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या, दिवशी गायब झाला. नातवाच्या लाकडी बैलाचं चाक निखळलं होतं, म्हणून पोरानं तोफेला दोरी बांधली, झूल पांघरली आणि रांगेत नेऊन उभा केला. "बैल कुठं आहे रे?" कुणी विचारलं. "आमचा पेट्रोलवर चालते," नातू म्हणाला. बायांनी त्यालाही ओवाळलं, समोरच्या पोलादी कपाळावर कुंकू लावलं, पोराच्या हातावर बोजारा ठेवला. रणगाडा घरी आला तेव्हा काकांचा चेहरा पाहवत नव्हता. ओला कापूस घेऊन ते पुसायला बसले.

तेवढ्यात तो फौजी मुलगा आला. म्हणाला, "पुसून काहून टाकता काका? दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. रणगाड्यालाही कुंकू लागते, हार पडते, नारळ फुटते."

काकांचा हात थांबला. त्यांनी पंचांगाचा हिशेब केला. दसऱ्यापासून 16 डिसेंबरपर्यंत सुमारे अडीच महिने. दव, धूळ, दारूचा धूर. म्हणजे कुंकू असणार, पण किती फिकं? आणि कडेनं उडणार की मधून? सध्या त्यांच्या ओसरीच्या कठड्यावर हिरवा रंग दिलेले पत्र्याचे तुकडे ओळीनं मांडले आहेत, प्रत्येकावर कुंकवाचं एकेक बोट आणि खाली तारीख. रोज सकाळी काका भिंगातून पाहतात आणि वहीत नोंद करतात. काकूंनी कुंकवाचा करंडा कपाटात कुलूपबंद केला आहे.