मुक्कामाचे मुन्सफ

परगावी जाण्याचे निमित्त मनुष्याला दैव पुरविते, भाडे सावकार पुरवितो आणि वाटेत खाण्यासाठी कडक भाकरी व शेंगांची चटणी घरची माणसे बांधून देतात. परंतु त्या परगावी, विशेषतः जिथे आपले पाऊल पूर्वी कधी पडलेले नाही अशा एखाद्या महानगरात, रात्री कोणत्या मोहल्ल्यात पाठ टेकावी या प्रश्नाचा निर्णय देण्याचा अधिकार आळंद तालुक्यातील आमच्या निंबर्ग्यासारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या एका विशिष्ट कोटीच्या गृहस्थाकडे चालत आलेला आहे. या गृहस्थाला सरकारातून सनद मिळालेली नसते, त्याला मानधन नसते, पंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद नसते, आणि त्याने एकदा दिलेल्या निवाड्यावर अपील चालत नाही. गाव त्याला नुसते ‘अप्पा’ म्हणते. एक अप्पा निवर्तले की त्यांच्या तेराव्यापूर्वीच दुसरे कोणी तरी त्या आसनावर बसलेले आढळते, आणि तेही मागच्या अप्पांप्रमाणेच डोळे किंचित मिटून, प्रश्न विचारणाऱ्याकडे न पाहता त्याच्या पिशवीकडे पाहून बोलतात. या पदाला मी माझ्यापुरते ‘मुक्कामाचे मुन्सफ’ असे नाव दिले आहे.

मुन्सफांची कचेरी बसथांब्यालगतच्या चहाच्या हॉटेलातील भिंतीकडच्या बाकावर भरते. एकाच माणसाच्या तोंडी दिवसभरात कानडी, मराठी आणि दखनी अशा तीन भाषा नांदणारा हा मुलूख असल्यामुळे कचेरीचे कामकाज ज्याला जी सोयीची त्या भाषेत चालते. निकाल मात्र, का कोण जाणे, पुष्कळदा मराठीत होतो. नवख्या मनुष्याने थेट समोर येऊन “अप्पा, पुण्यात कुठं उतरावं?” असे विचारणे म्हणजे फिर्याद दाखल करण्यापूर्वीच हुकूमनाम्याची नक्कल मागण्यासारखे आहे. अप्पा त्याला उत्तर देत नाहीत. ते प्रथम चहा मागवितात, त्याचे पैसे दरखास्तदाराच्या नावे पडतील याची मालकाला डोळ्यांनीच समज देतात, आणि मग जबानी सुरू होते.

“कामून जायलाव?” हा पहिला प्रश्न. त्यानंतर : संगती कोण? बाईमाणूस आहे काय? असल्यास सून की सासू? सामान हातातले की डोक्यावरचे? भाताने पोट भरते की भाकरीच लागते? रात्री किती वेळा उठावे लागते? हा शेवटचा प्रश्न ऐकून एक शिक्षक भर हॉटेलात लज्जेने लाल झाले होते. पण अप्पांच्या न्यायशास्त्रात एकही प्रश्न विषयाला सोडून नसतो. डोक्यावर ट्रंक असलेल्या मनुष्याला स्थानकापासून दोन फर्लांगांपलीकडची खोली, ती फुकट असली तरी, परवडत नाही; सासू बरोबर असल्यास वरचा मजला बाद होतो; आणि जो रात्री तीनदा उठतो त्याने सामायिक संडास असलेल्या लॉजात उतरू नये, कारण चौथ्यांदा उठण्याची वेळ येईतो पहाटेच्या गाडीच्या उतारूंची रांग लागलेली असते.

या साऱ्या चौकशीच्या मुळाशी अप्पांचा एक सिद्धांत आहे. त्यांच्या लेखी शहर ही सलग वस्तूच नव्हे. एक दवाखाना, एक कोर्ट, एक कचेरी, एक बाजार, त्यांपैकी ज्याच्याशी आपले काम असेल त्याच्या शेजारची एक न्हाणी आणि पहाटे चारला उघडणारे चहाचे दुकान, एवढ्यालाच ते शहर समजतात. बाकीचे लक्षावधी लोक तिथे कशाला राहतात याचा उलगडा करण्याच्या भानगडीत ते पडलेले नाहीत.

हा सिद्धांत त्यांनी हवेतून काढलेला नाही. तो हैदराबादेत सिद्ध झालेला आहे. निजामी अमदानीत गुलबर्गा जिल्ह्याच्या मनुष्याला राजधानीत जाण्याची मुख्य कारणे दोन : हायकोर्टातले अपील किंवा उस्मानिया दवाखान्यातले ऑपरेशन. आता योगायोग असा की, १९०८ साली मुसी नदीला प्रलयंकर पूर येऊन अर्धे शहर धुऊन गेल्यावर निजाम सरकारने काठांची जी नवी मांडणी केली तीत एका तीरावर हायकोर्टाची आणि समोरच्या तीरावर दवाखान्याची अशा दोन भव्य इमारती उभ्या राहिल्या. मध्ये पूल. त्यामुळे फिर्यादी आणि रोगी या दोघांनाही अफझलगंज हाच मोहल्ला सोयीचा झाला, आणि अपील हरलेला मनुष्य छातीवर हात ठेवून पूल ओलांडताच परस्पर दवाखान्यात दाखल होऊ शकू लागला. नगररचनेचा असा समजूतदारपणा अप्पांना पुन्हा कुठेच आढळला नाही. बस उतरायची तीही हाकेच्या अंतरावर, गौळीगुड्याच्या त्या अवाढव्य पत्र्याच्या छपराखाली. ते छप्पर २०१८ साली कोसळले. गाड्या त्याच्या कितीतरी आधीच इमलीबनच्या नव्या स्थानकात गेल्या होत्या. पण अप्पा पत्ता सांगताना अजूनही “छपराच्या भायेर आलाव की डाव्या हाताला” असाच आरंभ करतात, आणि नसलेल्या छपराबाहेर पडून डावीकडे वळलेली आमची कित्येक माणसे इष्ट स्थळी पोहोचलेली आहेत, हे मला मान्य केले पाहिजे.

पुराची आठवण मात्र या पदाबरोबर वारसाहक्काने येते. त्या पुरात अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसे जगली, आणि ते झाड दवाखान्याच्या आवारात पुढेही उभे राहिले. म्हणून नदीकाठच्या लॉजाची शिफारस करताना अप्पा न विसरता पुस्ती जोडतात की, खोली चिंचेच्या बाजूची मागावी. गेल्या शतकात धरणे बांधून मुसीची दशा अशी झाली आहे की, तिच्यात बुडण्यासाठी मनुष्याला फार प्रयत्न करावे लागतील; पण पूर्वीच्या मुन्सफांनी घालून दिलेला दस्तूर मोडण्याचा अधिकार अप्पा स्वतःकडे घेत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि निंबर्गा, तसूभरही न हलता, म्हैसूर राज्यात गेले. त्या घटनेविषयी सीमाभागात पुष्कळ अश्रू, भाषणे आणि निवेदने झाली. पण या एका पदावर जो आघात झाला त्याची दखल कोणत्याही आयोगाने घेतली नाही. गुलबर्ग्याहून सव्वादोनशे किलोमीटरांवरची राजधानी एका रात्रीत सहाशेच्या घरात गेली. हायकोर्ट बंगळूरला, सचिवालय बंगळूरला, आणि मध्ये एक अख्खी रात्र गाडीत. तत्कालीन अप्पांचे सारे ज्ञान एका सहीसरशी रद्दबातल झाले. तरी त्यांनी हार खाल्ली नाही. दोन-चार दरखास्तदारांच्या हालअपेष्टांचे नीट परिशीलन करून त्यांनी ‘मॅजेस्टिक’चा शोध लावला. पूर्वी जिथे धर्मांबुधी नावाचे तळे होते त्या आटलेल्या तळ्यात आज बंगळूरचे मुख्य बसस्थानक आहे, समोर रेल्वे आहे, आणि गांधीनगराच्या गल्ल्यांतून लॉजांची दाटी आहे. पुराची परंपरागत भीती बाळगणाऱ्या पदाने लोकांना तळ्याच्या तळाशी उतरवावे, यातील विसंगती मी एकदा नम्रपणे निदर्शनास आणली. अप्पा म्हणाले, “तळं आटलंय. नदी आटती का?” मुसीचा विषय मी काढला नाही.

पुढे २००८ साली उच्च न्यायालयाचे खंडपीठ गुलबर्ग्यातच आले आणि पक्षकार सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी जेवू लागले. न्याय दारी आला म्हणून जिल्ह्यात आनंद झाला. बाकावर मात्र तो आठवडा सुतकात गेला.

मुंबईचा निकाल त्या मानाने सोपा, कारण तिथे आमचा मनुष्य बहुधा टाटा किंवा केईएममध्ये आजारी नातलगाला घेऊन जातो, आणि दोन्ही दवाखाने परळला आहेत. “दादरला उतरा, व्हीटीपर्यंत गेलाव की तेवढंच उलटं यावं लागतंय” हा त्यांचा हुकूम नकाशात तंतोतंत खरा ठरतो. स्थानकाचे नाव बदलून पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी अप्पांच्या दप्तरात ती नोंद अद्याप झालेली नाही. कुणी लॉजात राहण्याविषयी कमीपणा दाखविला, एवढ्या मोठ्या शहरात ओळखीचे घर असायला हवे होते अशी हळहळ व्यक्त केली, तर ते लोकमान्यांचा दाखला काढतात : खुद्द टिळक मुंबईस गेले की सरदारगृहात उतरत, मग तुम्ही कोण लागून गेलात? “पण अप्पा, टिळक तिथंच वारले की,” असे एक जण चाचरत म्हणाला. “वारले,” अप्पांनी मान्य केले. “गैरसोय झाली म्हनून न्हवं.”

पुण्याने त्यांना अलीकडे फार छळले आहे. बँकेच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी गावातल्या मुली तिकडे जाऊ लागल्या आणि सदाशिव-नारायण पेठांतील ‘कॉट बेसिस’ हा प्रकार त्यांच्यासमोर आला. एका मुलीच्या बापाने ती संज्ञा उच्चारताच अप्पांनी पेशी तहकूब केली. खोली भाड्याने मिळते, घर मिळते, वाडा मिळतो. एका खोलीतली नुसती खाट भाड्याने घ्यायची म्हणजे खाटेखालच्या जमिनीवर मालकी कोणाची, हा त्यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने मोठा बिनतोड होता. तीन दिवसांनी निकाल झाला तो असा : कॉट भिंतीची घ्यावी, मधली घेऊ नये, आणि ट्रंक खाली ठेवून तीवर आपले नाव घालावे, म्हणजे कब्जा सिद्ध होतो.

लॉजाच्या नोंदवहीविषयीही त्यांचे स्वतंत्र मार्गदर्शन आहे. कार्डावरची कानडी अक्षरे पाहून कारकून कार्ड उलटसुलट करू लागला की घाबरू नये. त्याने “निंबर्गीचे का?” असे विचारल्यास ताबडतोब दुरुस्ती करण्याची घाई करू नये, कारण निंबर्गी विजापुराकडचे, इंचगेरी संप्रदायाच्या निंबर्गी महाराजांचे, आणि कारकून भाविक असल्यास हवेशीर खोली मिळते. ती मिळाल्यावर, किल्ली हातात आल्यानंतर, सत्य सांगावे.

हल्लीची मुले अर्थातच फोन काढतात. त्यात खोलीचे चित्र असते, चादर शुभ्र असते आणि खाली साडेचार चांदण्या असतात. “ह्या चांदण्या लावल्या कुणी?” अप्पांनी विचारले. राहून गेलेल्या लोकांनी, असे उत्तर मिळाले. “कुठले लोक? कामून गेलते? भाकरी खाणारे का भात खाणारे?” मुलाला सांगता आले नाही. ज्या साक्षीदाराचे गाव, कारण आणि आहार ठाऊक नाही त्याची साक्ष ग्राह्य धरायला अप्पा तयार होईनात, आणि खरे सांगायचे तर माझाही कल त्यांच्याच बाजूला झुकला. शुभ्र चादरीच्या त्या चित्रात खिडकी मंगल कार्यालयाच्या अंगणात उघडते की काय, हे कुठे दिसत होते?

निकाल लागला की चिठ्ठी मिळते. अफझलगंजजवळच बेगम बाजार, आणि तिथल्या कोणा तरी दुकानदाराशी अप्पांची डाळीच्या व्यवहारातली ओळख. आमच्या जिल्ह्याची ख्याती तुरीची. २०१९ साली ‘गुलबर्गा तूरडाळी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून अप्पांच्या चिठ्ठीसोबत पाच किलो डाळ जाणे हा मामूल आहे. नुसती चिठ्ठी वाचली जात नाही, आणि नुसती डाळ कुणाची ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या माघात मात्र कचेरीसमोर एक अपूर्व दरखास्त आली. नवे जोडपे होते. मुलगी अक्कलकोटकडची, मुलगा गावचाच. दोघांनीही हैदराबाद पाहिलेले नव्हते.

“कामून जायलाव?”

“फिरायला, अप्पा.”

“ते कळालं. काम काय हाय?”

“काम काहीच नाही.”

बाकावर शांतता पसरली. हॉटेलच्या मालकाने स्टोव्ह बारीक केला. दवाखाना? नाही. कोर्ट? नाही. जमिनीचा कागद, मुलाखत, नवस, कुणाची देणी? काहीही नाही. केवळ शहर पाहण्यासाठी शहरात जाणाऱ्याने कुठे उतरावे याला निजामाच्या काळापासून आजवर एकही पूर्वनिर्णय नव्हता, कारण ज्याला काम नाही त्याला शेजार कशाचा द्यायचा? मुलाने फोन पुढे करून गच्चीबावली नावाच्या भागातील काचेच्या इमारतीतली एक खोली दाखविली. अप्पांनी ती दूर सारली आणि निकाल राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांना बोलावून घेतले. मुक्काम अफझलगंज. उस्मानिया दवाखान्याच्या समोरची गल्ली, दुसरा मजला, चिंचेच्या बाजूची खोली. कारणमीमांसा अशी की, काम नाही म्हणून निघालेल्या मनुष्याला वाटेत काम लागतेच, आणि ते बहुधा दवाखान्याचे असते. आता हा निकाल कायद्याने कितीही वेडगळ असला तरी भूगोलाने तो निर्दोष होता : पूल ओलांडला की उजव्या हाताला हायकोर्ट, डावीकडे थोड्या अंतरावर सालारजंग संग्रहालय, आणि नाकासमोर पथरगट्टीच्या कमानींतून चालत गेले की पंधरा-वीस मिनिटांत चारमिनार. गच्चीबावलीहून त्याच ठिकाणी यायला रहदारीच्या वेळी दीड तास मोडतो. ही गोष्ट मला ठाऊक होती. अप्पांना ती ठाऊक असण्याची गरज वाटत नव्हती.

चिठ्ठी लिहून झाली, डाळीचे गाठोडे पुढे आले. मुलीने भीत भीत विचारले, “तिथून चारमिनार किती लांब पडतोय, अप्पा?”

अप्पांनी प्रथमच पिशवीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिले. “आधी चिठ्ठी पोचवा. डाळ मोजून द्या. न्हाणीला पाणी किती वाजता येतंय, ते इचारून घ्या. मंग टाइम उरला तर मिनार बी बगा.”