गेस्ट हाऊसचे सपत्नीक स्थलांतर : एक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पिंपळे गुरवमधल्या अशा गेस्ट हाऊस चालकांसाठी आहे, ज्यांचे गेस्ट हाऊस खरे तर बायको चालवत होती आणि ज्यांच्या स्वतःकडे ‘अहो, गॅसवाल्याला फोन लावा’ एवढेच खाते होते. बायको हयात असलेल्यांनीही वाचावी. तिच्यासमोर मात्र वाचू नये.

मुहूर्तासाठी पंचांग नंतर उघडावे, आधी राहणाऱ्या पोरांच्या शिफ्टा बघाव्यात. भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांची सुट्टी गुरुवारी, चाकणच्या बऱ्याच जणांची रविवारी, आणि थर्ड शिफ्ट करून आलेला पोरगा सकाळी आठला झोपला की कॉटसकट उचलला तरी उठत नाही. आम्ही एकाला गादीसकट जिन्यापर्यंत आणला होता, तिथे त्याने कूस बदलली म्हणून कळले. आमच्या खोल्या ६, कॉट १४. जुना बंगला पुनर्विकासाला गेला, म्हणून डायनोसॉर उद्यानाजवळच्या गल्लीतून निळू फुले नाट्यगृहाच्या बाजूला यायचे होते. रिक्षावाला नाक मुरडेल एवढेच अंतर, तरी छोट्या हत्तीच्या ९ खेपा झाल्या. पहिल्याच खेपेला टेम्पोवाल्याने विचारले, ‘‘काकू कुठायत? काय आधी चढवायचं ते सांगणार कोण?’’

या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. माझ्याकडे नव्हते.

आता कागदपत्रे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती मोजून आणू नयेत, गठ्ठ्याने आणाव्यात. दुकान नोंदणी, अन्न परवाना, १९ किलोच्या सिलिंडरचे कनेक्शन, बँकेचे खाते, सगळे हिच्या नावावर. का, असे कोणी विचारले की मी ‘टॅक्समुळे’ असे सांगत असे. खरे कारण लालबागेत होते. हिची मावशी तिथे गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या बायका बँकेत जाऊन स्वतःच्या सहीने कर्ज उचलू लागल्या. मावशीने आमच्या लग्नात हिला तांब्याची कळशी दिली आणि वर सांगितले, ‘‘पोळ्या तू लाटणार असशील तर पासबुकही तुझंच ठेव.’’ कळशी कधीच गळायला लागली.

अन्न परवान्याबाबत कायदा तसा मायाळू आहे. परवानाधारक गेला तर वारसाला ९० दिवस त्याच परवान्यावर चूल पेटती ठेवता येते, तेवढ्यात अर्ज करून तो आपल्या नावावर करून घ्यायचा. दहावा नि तेरावा गुरुजींनी सांगितला होता. नव्वदावा माझा मला शोधावा लागला. नावबदल आणि पत्ताबदल मात्र एकाच दिवशी काढू नयेत. एका खिडकीवर (कुठल्या, ते सांगत नाही, अजून तिथे काम अडकले आहे) मला सांगण्यात आले, ‘‘मूळ अर्जदाराला घेऊन या, सही जुळत नाही.’’ मी दाखला पुढे सरकवला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, क्षणभर मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘बरं, मग निदान ओटीपी तरी सांगा.’’

तेव्हा दिवंगत पत्नीचा मोबाइल बंद करू नये. दर २८ दिवसांनी रिचार्ज मारावा. ओटीपीखेरीज त्यावर इतरही काही येत राहते, त्याची तयारी ठेवावी. दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेल्या, बातमी न कळलेल्या एका पोराचा मेसेज मला रात्री अकराला आला : ‘काकू पुण्यात आलोय, तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये आहे, एक ताट झाकून ठेवाल का.’ अशा वेळी लांबलचक उत्तर लिहीत बसू नये. ‘ये’ असे टाइप करावे आणि कुकर लावावा.

पाटीचा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे तो ‘कै. सौ.’ पासून सुरुवात करायला उत्सुक असतो. मुलगा म्हणाला, ‘स्मृती गेस्ट हाऊस’ ठेवू. पण पाटीवर ‘स्मृती’ दिसली की लोक हॉल कितीला मिळतो ते विचारायला येतात. वाद चालू असतानाच कळले की पोरांनी मोबाइलच्या नकाशावर नव्या जागेची पिन टाकूनही दिली आहे आणि तिचे नाव आहे ‘काकूंकडे’. पेंटरला चहा पाजून परत पाठवला.

स्मारकाचा विषय निघाला की कोणीतरी ताजमहाल काढतोच. त्याला सांगावे की मुमताजला १६३१ साली आधी बऱ्हाणपुरात, तापीच्या काठी पुरले होते आणि काही महिन्यांनी तिथून आग्र्याला नेले. म्हणजे हलवाहलव शहाजहानलाही चुकली नाही. त्याला ओटीपी लागला नाही, एवढेच.

भिंतीवर लावायला हिचा धड फोटो मिळाला नाही. कुठल्याही फोटोत ही वाढताना पाठमोरी, नाहीतर ‘अहो, मला नको’ म्हणून आडवा धरलेला हात. शेवटी परवान्याच्या अर्जावरचा पासपोर्ट साइझ फोटो मोठा करून आणला. त्यात तिची नजर थेट आणि जरा रागीट आहे. हॉलमध्ये लावला तर हार घातलेली बाई वाटते. पाण्याच्या टाकीच्या बटणाजवळ लावला तर काकू वाटतात. बटणाजवळ लावावा. टाकी तेव्हापासून वाहिलेली नाही.

सामान बांधताना खोक्यांवर आत काय आहे ते लिहावे. मी २३ पैकी १९ खोक्यांवर ‘किचन – इतर’ असे लिहिले. हिच्या वह्या मात्र टेम्पोत घालू नयेत, पिशवीत घालून चालत न्याव्यात. पाहुण्यांचे रजिस्टर सरकारी, पण समास हिचा. परदेशी इंजिनिअर उतरला की २४ तासांत सी फॉर्म भरावा लागे, तो ही स्वतः भरायची आणि समासात लिहायची : ‘जर्मन. पिठलं चमच्याने. तिखट चालतं म्हणतो, चालत नाही.’ ‘खोली ४ – आई नाही. वाढदिवस १२ जून. शिरा.’ ‘खोली २ – नोकरी गेली आहे, सांगत नाही. भाडं मागू नये.’ त्या महिन्यात हिशेब का जुळला नव्हता, ते मला नऊ वर्षांनी कळले. तेव्हा मी हिच्याशी दोन दिवस भांडलो होतो. हे पान आले की पिशवी दुसऱ्या हातात घ्यावी आणि पुढे चालावे.

राहता राहिले दूध. नव्या घरात पहिल्यांदा दूध उतू जाऊ द्यायचे असते. इथे गुरुजी आणि ही यांच्यात मूलभूत मतभेद आहेत. रोज ६ लिटर तापवणाऱ्या या बाईने कधी थेंब सांडू दिला नाही आणि येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिला धडा तोच दिला. गुरुजींनी पातेले ठेवले, मंत्र सुरू केले, सगळे गोल करून उभे राहिले. साय फुगून काठाशी आली, आणि खोली ४ च्या पोराने झडप घालून गॅस बंद केला.

गुरुजी थांबले. पोरगा कानापर्यंत लाल. पुन्हा पेटवला. या वेळी त्याचे दोन्ही हात मित्रांनी मागे धरून ठेवले होते. दूध उतू गेले, बर्नरवरून ओट्यावर, ओट्यावरून नव्या फरशीवर, आणि सगळे एकदम शेगडी पुसायचे फडके शोधायला लागले. ते कुठल्यातरी ‘किचन – इतर’मध्ये होते.