मंगळवारचं अपडेट, गुरुवारची लाईट

पडदा निळा झाला होता, मधोमध टिंबांचं रिंगण फिरत होतं आणि खाली लिहिलं होतं: काम चालू आहे, तीस टक्के झालं, संगणक बंद करू नका.

हे वाक्य ज्यानं लिहिलं तो माणूस गुरुवारी सारोळ्यात मुक्कामाला कधी राहिलेला नाही, एवढं नक्की. आमच्याकडे कॉम्प्युटर बंद करायचा की चालू ठेवायचा, हे ठरवणारे आम्ही कोण? लाईट रोज जात नाही. पण जायची असली की गुरुवारी जाते, कारण तो दुरुस्तीचा वार. सकाळी साडेनऊच्या सुमाराला डोक्यावरचा पंखा सुस्तावतो, पलीकडच्या गिरणीचा पट्टा फडफडून थांबतो, आणि इतका वेळ कुठे होत्या कोण जाणे, पण गावभरच्या कोंबड्या एकदम ऐकू यायला लागतात. ११ जुलै २०२४ च्या गुरुवारी नेमकं हेच झालं. तीस टक्क्यांवर.

इन्व्हर्टर आहे. त्यावर दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही आहे. कॉम्प्युटर जीवनावश्यक वस्तूंत मोडत नाही, असा आमच्या घरातला ठराव आहे आणि तो एक विरुद्ध तीन मतांनी मंजूर झालेला आहे.

सारोळे म्हणजे पुणे-सातारा हमरस्त्यावरचं, भोर तालुक्यातलं. ‘कुठलं सारोळे, कासारांचं का?’ असं विचारणारे भेटतात; ते नगरकडचं, त्याला रेल्वे स्टेशन आहे. आमच्याकडे हायवे आहे. पुढे नीरा नदी, नदी ओलांडली की शिरवळ आणि जिल्हा सातारा. लाईट गेली की मी आधी शिरवळच्या मित्राला फोन करतो. त्याच्याकडे असते. आमच्याच तालुक्यात १९२८ साली पुरं झालेलं भाटघरचं धरण आहे, त्यावर वीज तयार होते, हे मी त्याला दर वेळी ऐकवतो. तो म्हणतो, ‘मग तिकडून बादलीनं आण.’

आता हे अपडेट गुरुवारीच का अडकतं, याच्या मुळाशी जायचं मी ठरवलं. मूळ निघालं अमेरिकेत. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टनं नेम धरला की दुरुस्त्यांचं गाठोडं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडायचं. सोमवारी लोक आधीच्या आठवड्याचं निस्तरत असतात. मंगळवारी दिलं तर काही बिघडलंच तर सावरायला शुक्रवारपर्यंत दिवस मिळतात. विचार रास्त आहे. तिकडे सकाळचे दहा वाजले की इकडे रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. तोवर सारोळे झोपलेलं. बुधवारी संध्याकाळी मी कॉम्प्युटर उघडणार, रात्रभर ते गाठोडं मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून सरपटत उतरणार, आणि गुरुवारी सकाळी चहा घेऊन मी ‘रीस्टार्ट’ दाबणार. आईला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, ‘मंगळवारी नवीन काम काढू नये, हे त्यांना कुणी सांगितलं नाही का?’

त्या गुरुवारी लाईट दुपारी साडेतीनला आली. कॉम्प्युटर उठला, बराच वेळ विचारात पडला, आणि केलेले बदल मागे घेतोय म्हणाला. करायला जितका वेळ लागला नव्हता तितका त्याला न करायला लागला. हे मला ग्रामसभेची आठवण करून देणारं वाटलं, पण तो विषय वेगळा.

भाचा हिंजवडीत आहे. आमच्या घराण्यात कॉम्प्युटरला ताप आला की फोन त्याला जातो. पुढच्या आठवड्यात, १९ जुलैला, त्याला फोन लावला तर तो म्हणाला, ‘मामा, आज नको. आज जगाचंच बंद पडलंय.’ मला वाटलं टाळतोय. संध्याकाळी बातम्यांत पाहिलं. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं होतं आणि विंडोजवरचे जवळजवळ पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर निळे पडले होते. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. मी ते चित्र आईला दाखवलं. ‘अक्षर चांगलं आहे,’ ती म्हणाली. मला उगीच बरं वाटलं. आपला एकट्याचा नाही, पंच्याऐंशी लाखांचा प्रश्न आहे म्हटल्यावर माणसाची पाठ जरा ताठ होते. खरं तर त्यांच्या दुखण्याचा आणि आमच्या दुखण्याचा काडीचा संबंध नव्हता.

ऑगस्टमधला दुसरा मंगळवार १३ तारखेला, म्हणजे गुरुवारी स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी लाईट काढणार नाहीत असा माझा हिशोब होता आणि तो बरोबर ठरला. झेंडावंदन करून, खिशातली जिलबी आईला देऊन बघतो तर पडद्यावर एक नंबर. फोनवरून भाच्याला वाचून दाखवला: ‘शून्य, एक्स, आठ, शून्य, शून्य, सात, शून्य, शून्य, सात, शून्य.’

‘जागा नाही, मामा. सी ड्राइव्ह भरलाय.’

एवढ्या एका वाक्यासाठी दहा आकडे! आमचे तलाठी भाऊसाहेबसुद्धा इतकं लांब लावत नाहीत. सी ड्राइव्ह उघडला. त्यात मेव्हण्याच्या लग्नाची चित्रफीत निघाली, चौदा जीबीची. साडेचार तासांच्या त्या चित्रफितीत पहिली चाळीस मिनिटं फक्त मांडवाची झालर आहे. ती उडवावी असं मी सुचवलं आणि पुढचे दोन दिवस घरात माझ्याशी आईखेरीज कुणी बोललं नाही. शेवटी तडजोड झाली. माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाचे फोटो उडवले.

तरी अपडेट बसलं नाही. मग भाच्यानं मला काळी खिडकी शिकवली. त्या खिडकीत माऊस चालत नाही, सगळं टाईप करायचं, आणि एक मोकळी जागा चुकली की ती तुम्हाला अनोळखी समजते. ‘एसएफसी स्कॅन-नाऊ’ म्हटलं की कॉम्प्युटर स्वतःच्या एकेक फाइली तपासतो. दुसरा मंत्र ‘डिझम’चा, तो खराब फाइली बदलून आणतो. तिसरा उपाय म्हणजे अपडेटची सेवा थांबवायची, जिथे उतरवलेली गाठोडी साठतात त्या फोल्डरच्या नावापुढे ‘ओल्ड’ लिहायचं आणि सेवा पुन्हा सुरू करायची. मग तो नवा फोल्डर करून घेतो आणि म्हाताऱ्याकडे ढुंकून बघत नाही. हे मी निवृत्त माणसानं स्वतःच्या हातानं केलं.

पण ते बसलं! ऑगस्टचं अपडेट २२ तारखेच्या रात्री शंभर टक्के झालं. मी हिला उठवून सांगितलं. ती कुशीवर वळली.

पुढे आला सप्टेंबर. ७ तारखेला गणपती बसले. गौरी नक्षत्रानं येतात, अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन, आणि अपडेट वारानं येतं; दोघांचा एकमेकांशी संबंध यायचं कारण नाही. पण त्या वर्षी गौरींचं आवाहन मंगळवारी १० तारखेला आलं आणि महिन्यातला दुसरा मंगळवारही तोच. गौरींना माहेरी आल्यावर रोषणाई लागते. रोषणाईला एक्स्टेन्शन बोर्ड लागतो. घरात धड बोर्ड एकच, आणि तो कॉम्प्युटरचा. मी तोंड उघडायच्या आत त्याची वायर आरशामागून गौरींच्या मखरापर्यंत गेलेली होती. दोन रात्री लाल-हिरव्या माळा लुकलुकल्या आणि कॉम्प्युटर कोपऱ्यात सुतक असल्यासारखा बसून राहिला.

गुरुवारी गौरी गेल्या. बोर्ड परत मिळाला. लाईट होती, जागा होती, रेंजही होती. मी अपडेट शोधायला सांगितलं आणि दोन मिनिटांत नवा नंबर आला.

‘आठ, शून्य, शून्य, सात, दोन, एफ, आठ, एफ.’

‘शेवटी एफ की एस, मामा? नीट ऐकू येत नाही.’

‘एफ! फ फणसाचा!’

पलीकडे त्याच्या ऑफिसात कुणीतरी हसलं. भाचा मीटिंगमध्ये होता. इंटरनेट तपासा, संध्याकाळी बघतो, म्हणाला. मी इंटरनेट तपासलं. मोबाईलवर सगळं चालत होतं. कॉम्प्युटरवर निम्म्या साईट ‘हे सुरक्षित नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवत होत्या. मी काळी खिडकी उघडली. दोन्ही मंत्र म्हटले. फोल्डरला पुन्हा म्हातारा केलं. कॉम्प्युटर निरोगी असल्याचा निर्वाळा आला आणि अपडेट काही बसेना. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सोमवारी मी सगळं पुसून पुन्हा मांडायच्या विचाराला आलो होतो.

त्याच सोमवारी ही बचत गटाचं पत्र घेऊन बँकेत गेली होती. गटाच्या खात्यावर सह्या कुणाच्या, यातला बदल कळवायचा होता. मजकूर गेल्या वर्षीचाच. फक्त नावं बदलली आणि प्रिंट काढली. तारीख त्या पत्रात आपोआप पडते, ही सोय मीच करून दिलेली आणि तिचं कौतुकही मीच करत असे.

परत आली ती काही बोलली नाही. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि पत्र माझ्या कीबोर्डवर ठेवून उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. दिनांक १ जानेवारी २०१६.

‘बँकेतले साहेब म्हणाले, ताई, हे पत्र आठ वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा तुमचा गट तरी होता का?’ गट २०१९ चा. ‘अहो, तुमच्या ह्या डब्याला आज कोणती तारीख वाटतेय ते तरी बघा.’

मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. गेले पाच दिवस मी त्या पडद्यासमोर बसून होतो आणि त्या कोपऱ्याकडे माझी नजर गेली नव्हती, कारण तारीख बघायची तर आमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय आहे. कॉम्प्युटरच्या हिशोबानं जानेवारी २०१६ चा पहिला आठवडा चालू होता. नोटाबंदी व्हायची होती. जुनी पाचशेची नोट चालत होती. मी अजून नोकरीत होतो.

संध्याकाळी भाच्यानं उलगडून सांगितलं. मुख्य बोर्डावर एक चपटा सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो पाच-सात वर्षं जातो. आमचा कॉम्प्युटर २०१६ चा, म्हणजे त्यानं आपलं आयुष्य पुरेपूर भोगलं होतं. भिंतीतून वीज मिळत होती तोवर कुणाला कळलं नाही. गौरींनी बोर्ड नेला आणि घड्याळ जन्मतारखेला जाऊन बसलं. चार-दोन मिनिटांचा फरक असता तर इंटरनेटवरून ते आपलं आपण सुधारलं असतं. आठ वर्षांचा फरक बघून तेही भांबावलं असावं. आणि अपडेट जिथून येतं तो सर्व्हर दारात आला की आधी प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं असतं. प्रमाणपत्र अलीकडचं, आणि घरातला म्हातारा दाराआडून म्हणतोय, आत्ता २०१६ चालू आहे, तू अजून जन्मलेला नाहीस. तो आत घेणार कसा? त्या फणसाच्या नंबराचा अर्थ एवढाच होता.

‘मामा, तारीख चुकलीय हे आधी सांगायचं ना.’

‘तू विचारलंस का?’

यावर दोघंही गप्प.

सेल शिरवळला मिळाला, घड्याळ दुरुस्तीच्या टपरीवर, तीस रुपयांना. सीआर २०३२. यातले २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी, ही माहिती टपरीवाल्यानं फुकट दिली. रात्री कॉम्प्युटरचं कडेचं पत्र्याचं झाकण उघडलं. आत आठ वर्षांची धूळ नमद्यासारखी बसली होती. पंख्याच्या पात्यांवर तिचे गोंडे लोंबत होते. तळाशी पालीच्या अंड्यांची दोन पांढरी टरफलं आणि लेकीचा शाळेतला खोडरबर. सेल रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासाच थोराड. कडेची पत्र्याची जीभ नखानं दाबली तसा तो टुणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. नवा बसवला, तारीख घातली, १६ सप्टेंबर २०२४. अपडेट तासाभरात बसलं. पत्राची प्रिंट पुन्हा काढली. हिनं ती दिव्याखाली धरून तारीख वाचली, मग कालनिर्णयात बघून खात्री केली.

त्यानंतर वर्षभर मी अपडेट बुधवारी रात्रीच उरकत आलो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चं नेहमीच्या मुदतीतलं शेवटचं अपडेट आलं. दिवस अर्थात मंगळवार, महिन्यातला दुसरा. विंडोज ११ आमच्याकडे चढत नाही. त्याला इंटेलचा प्रोसेसर लागतो तो साधारण आठव्या पिढीपासूनचा, आमचा सहाव्या पिढीचा. लग्नाच्या बोलणीत एवढ्या पिढ्या कुणी मोजत नाही. आणखी एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, तिच्यासाठी नाव घातलंय. तर ते शेवटचं अपडेट उतरायला उशीर झाला, बुधवारी रात्री काही बसवता आलं नाही. गुरुवारी सकाळी देवाला दिवा लावला, नऊ वाजता ‘रीस्टार्ट’ दाबलं आणि पंख्याकडे बघत बसलो. साडेनऊ वाजले, दहा वाजले. तीस टक्के गेले, साठ गेले.

लाईट दिवसभर गेली नाही.