साठ टक्क्यांचे काका

कर्ज मागायला आलेल्यांचे कागद परत फेकण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, तेच निवृत्तीनंतर हे कागद तयार करून देण्याचा धंदा काढतात. कोल्हापुरात असे काका शोधावे लागत नाहीत. लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ते सापडतात. समोर जुना कॉम्प्युटर, त्यापुढे टायपिंगचा पोरगा, भिंतीवर निरोप समारंभातलं घड्याळ. गिऱ्हाइकाला ते ‘पार्टी’ म्हणतात. सख्खा पुतण्या कर्जासाठी आला तरी जिना चढेपर्यंत पुतण्या. खुर्चीत टेकला की पार्टी.

धंदा कुठला, याला काकांच्या लेखी फारसं महत्त्व नाही. गोठा असो, काजू सोलायचं युनिट असो की प्रसूतिगृह. पहिल्या वर्षी क्षमतेचा वापर ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. साठच का, असं विचारलं तर ते चष्म्यावरून बघतात. “पन्नास लिवलं तर मॅनेजर घाबरतोय, सत्तर लिवलं तर हसतोय.” हे ज्ञान पुस्तकातलं नाही. ते स्वतःच त्या खुर्चीत बसून घाबरलेले आणि हसलेले आहेत.

अशा काकांकडे स्पा काढू पाहणारी मुलगी आली की काय होतं, ते बघण्यासारखं असतं. मुलगी हुशार होती. ब्यूटी पार्लरचा कोर्स, मग गोव्यातल्या एका हॉटेलात दोन सीझन मालिशचं काम. हिशोबाची वही घेऊनच आली. तिचा खर्च चौदा लाखांत बसत होता.

“चौदा? वरचे सहा कुणासाठी सोडालीस?”

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाचा प्रकल्प २० लाखांपर्यंत धरतात, आणि काकांचा कुठलाही सेवा उद्योग १९ लाख ९५ हजारांच्या खाली उतरत नाही. शहरातल्या महिलेला पदरचे ५ टक्के घालावे लागतात, अनुदान २५ टक्के, आणि ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकून राहतं, हे सगळं त्यांनी एका श्वासात सांगितलं. पुढच्या श्वासात प्रकल्पाचं नाव बदललं. “स्पा नको लिवूस. पेपरात पोलिसांच्या धाडीशिवाय मॅनेजरनं स्पा वाचलेला नसतोय. ‘आयुर्वेदिक अभ्यंग व स्वास्थ्य केंद्र’ टाक. वाचताना हात जोडले पाहिजेत त्यानं.”

मग मागणी. काकांनी थेट शाहू महाराजांपासून सुरुवात केली. १९१२ चं खासबाग मैदान, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमी. मालिश ही या जिल्ह्याची जुनी गरज असल्याचं सिद्ध झालं.

“काका, पैलवान बाराशे रुपये देऊन माझ्याकडं कशाला येतील? ते एकमेकांनाच रगडत्यात, फुकट.”

“मग त्यांना ‘स्पर्धा’ या सदरात घालू,” काका म्हणाले, आणि पोरानं खासबागेसकट सगळा परिच्छेद उचलून दोन पानं खाली नेला.

आता उत्पन्न. पाच टेबलं, प्रत्येकी दिवसाला आठ मालिश, म्हणजे चाळीस. साठ टक्के, म्हणजे चोवीस गिऱ्हाइकं. बाराशे रुपयांनी, महिन्याचे सव्वीस दिवस, वर्षाला जवळजवळ नव्वद लाख. मुलीनं वही उघडली. मालिश करणाऱ्या चौघीजणी. एकीनं दिवसात चार-पाच केल्या की मनगट बोलायला लागतं. दोन मालिशांमध्ये चादर बदलायला पंधरा मिनिटं. त्यात नवीन दुकान. तिचा आकडा दिवसाला आठ गिऱ्हाइकांवर थांबत होता.

“टेबलाला मनगट नसतंय,” काका म्हणाले. बँकेला क्षमता टेबलाचीच कळते, आणि यात त्यांचं चुकत होतं असं मलाही म्हणवत नाही.

पंचाईत वेगळीच झाली. कर्जाच्या हप्त्यांच्या दीडपट पैसा हातात राहतो, एवढं दाखवलं की पुरे असतं. इथं कितीतरी पट उरायला लागला. काका गंभीर झाले. नुकसान काकांना पेलतं. भरमसाट नफा दिसला की त्यांच्यातला जुना अधिकारी जागा होतो. “संशय येईल. तेल वाढव.” पोरगा वाढवत गेला. शेवटी डोक्यामागे अर्धा लिटर तिळाचं तेल बसलं, वर्षाला ३,७४४ लिटर. मुलगी म्हणाली, साठ-सत्तर मिलिलिटरमध्ये माणूस निथळतो, एवढ्यात तळून निघेल. काकांकडे उत्तर तयार होतं: “शिरोधारा घाल की मग. त्याला लागतंय.”

जीएसटीचं कलम त्यांनी अभिमानानं वाचून दाखवलं: २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवर १८ ऐवजी ५ टक्के. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मात्र त्यात मिळत नाही, हे मुलीनं सांगितलं तेव्हा काका पाणी प्यायला उठले.

अहवाल बांधून झाल्यावर तिला सतराव्या पानावर एक ओळ सापडली: ‘भाकड काळात उत्पन्न गृहीत धरलेले नाही.’ मूळ फाईल गोठ्याची होती.

“हे काय, काका?”

काकांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि चेहरा जराही न हलवता म्हणाले, “आषाढ-श्रावणात कोण येतंय तेल लावून घ्यायला? बरोबर आहे ते.”

आषाढावरूनच तिला टॉवेल आठवले. चोवीस गिऱ्हाइकांचे दोन-दोन टॉवेल आणि एक चादर म्हणजे रोज बहात्तर कपडे, आणि कोल्हापूरचा पाऊस. इथं जुलैत रुमाल वाळत नाही. कपडे वाळवायचं मशीन यादीत घालता येईल का? काकांनी साफ नकार दिला. कोटेशन जोडून झाली, बेरीज जमलेली, आता एक रुपया हलवला तर चौदा तक्ते हलतात.

कर्ज मंजूर झालं. मॅनेजरनं एकच शंका काढली, तीही पानांच्या क्रमांकांबद्दल.

उद्घाटनाला काका नारळ घेऊन गेले. तेल लावून घ्यायला त्यांनी नकार दिला, कपडे नवीन होते. पण सगळ्या खोल्या फिरून त्यांनी टेबलं मोजली.

“पाचवं कुठाय?”

“त्या जागी मशीन बसवलंय, काका. टॉवेल वाळवायचं.”

काकांनी मशीनभोवती एक चक्कर मारली, उंची हातानं मापली. “इन्स्पेक्शनला येतील त्या दिवशी यावर चादर घाल,” ते म्हणाले, “आणि उशाला एक उशी ठेव.”