तिकडं भारी असतंय

बेळगावात मित्रांची शनिवारची बैठक वेळेवर सुरू होत नाही. त्याला ट्रॅफिक जबाबदार नसतं, एक माणूस जबाबदार असतो. तो प्रत्येक कंपूत असतो. टिळकवाडीतल्या कंपूत असतो, शहापुरातल्या असतो, वडगाव-अनगोळकडं तर एकेका कंपूत दोन-दोन असतात. सगळे जमलेले असतात, काँट्रीचा आकडा ठरलेला असतो, भुकेनं एकमेकांचे चेहरे बघवत नसतात. कुणीतरी म्हणतं, "चला, हितंच बसूया." त्यावर गाडीच्या बॉनेटला टेकलेला हा गृहस्थ नाक किंचित वर करतो आणि म्हणतो, "हितं काय ठेवलंय गा? तिकडं भारी असतंय."

'तिकडं' म्हणजे कुठं, हे त्याला विचारू नये. विचारलं तर तो सांगतो.

बेळगावच्या माणसावर लिहायला घेतलं की पुलंचे रावसाहेब आधीच खुर्ची अडवून बसलेले असतात. म्हणून सांगून टाकतो, हा त्यांच्या घराण्यातला नव्हे. त्याच्या शिव्या बेताच्या असतात, आणि आवाजसुद्धा. हा चाळिशीतला, शर्ट खोचलेला, कुठल्याशा एजन्सीत कामाला असलेला सरळ माणूस. वेगळेपण काय ते त्याच्या मोबाइलमध्ये. त्यातल्या नंबरांना आडनावं नसतात. 'शिनोळी चिकन', 'निपाणी भाकरी', 'चोर्ला मासे', 'संकेश्वर रस्सा (उधारी चालते)'. एकदा त्याच्या सासऱ्यांचा फोन आला तेव्हा पडद्यावर 'गडहिंग्लज मटण' असं उमटलेलं मी पाहिलंय. सासरे गडहिंग्लजचे, हे खरं आहे.

त्याला सगळा दोष देऊन चालणार नाही. गावाचा नकाशाच त्याच्या बाजूनं आहे. वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. चोर्ला घाट उतरला की गोवा. सीमेपासून लांबच्या माणसाला 'तिकडं' जायचं तर रजा टाकावी लागेल. आमच्याकडं स्कूटरवर दोन राज्यं होतात. इतकं 'तिकडं' हाताशी असल्यावर माणसानं 'इकडं' का बसावं?

मात्र कधीकधी पाऊस असतो, कधी गाडीत डिझेल नसतं, आणि इकडंच बसावं लागतं. अशा वेळी त्याला पाहावं. बार अँड रेस्टॉरंटच्या अंधारात तो मेन्यूकार्ड उघडत नाही. वेटरला बोलावून कानडीत सांगतो, "अण्णा, पीस छलो नोडि हाकरी." पीस चांगले बघून घाल, म्हणजे आपण इथले जाणकार आहोत, अशी ती सूचना असते. वेटर ओडिशाचा असतो. तो "हां जी" म्हणतो आणि जे यायचं तेच आणतो. कानडीत ऑर्डर, मराठीत तक्रार आणि हिंदीत बिल, असा आमच्या टेबलाचा भाषिक तोडगा फार वर्षांपासून लागू आहे. त्यासाठी आयोग नेमावा लागला नाही.

मी पीत नाही, म्हणून कंपूचा ड्रायव्हर. न पिणाऱ्याच्या नशिबी लिंबू सोडा, सगळा चकणा आणि तरीही काँट्रीत समान वाटा. पण दिसतं सगळं. म्हणून सांगतो, हा 'तिकडं'चा माणूस पिताना पीत नाही, हिशोब करतो. नाईंटी समोर आली की ती इकडं केवढ्याला, गोव्यात केवढ्याला, महाराष्ट्रात केवढ्याला हे तो कागदी रुमालावर मांडतो. गोव्यात कर कमी, म्हणून बाटली स्वस्त, इथपर्यंत बरोबर. पण घाट चढून-उतरून जाण्याचं डिझेल त्या रुमालावर कधीच येत नाही. परतीच्या वाटेवर अबकारीवाले डिकी उघडायला लावतात, तो धसकाही येत नाही. "तेवढं तर होणारच गा," म्हणतो.

महाराष्ट्राबद्दल मात्र त्याला तात्त्विक आदर आहे. तिथं १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, आणि त्याप्रमाणं प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना. त्यात पिण्याचं कारण काय, तर प्रकृतीचं रक्षण! शिनोळीच्या बाजूला बसला की तो ग्लास उंचावून आम्हांला समजावतो, "आपल्याकडं दारू पितात. हितं औषध घेतात. फरक आहे." औषधाचा तिसरा डोस झाल्यावर फरक दिसेनासा होतो.

त्याची पंचाईत होते ती आषाढी एकादशीला. त्या दिवशी महाराष्ट्रात ड्राय डे. कागल-कोल्हापूरकडच्या गाड्या निपाणीच्या दिशेनं अशा लगबगीनं निघतात की पंढरपूर दक्षिणेला असावं असा नवख्याचा समज व्हावा. म्हणजे वर्षातून एकदा सगळ्यांचं 'तिकडं' आपल्या 'इकडं' येतं, आणि याचा नेमका उपवास असतो. घरात माळ आहे. दिवसभर साबुदाण्याची खिचडी पुढ्यात घेऊन तो खिन्न बसतो.

बाकी निष्ठेच्या बाबतीत त्याच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून तो फेरीत असतो, आणि 'बेळगाव, कारवार, निपाणी'पासूनची घोषणा पहिल्या रांगेतून देतो. २०१४ साली गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण याच्या तोंडी ते अजून आलेलं नाही. एकदा मी त्याला विचारलं, "सुप्रीम कोर्टात २००४पासून सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. समज, उद्या निकाल लागला आणि आपण महाराष्ट्रात गेलो, तर शिनोळी 'तिकडं' राहणार नाही. मग शनिवारी काय करणार?" तो बराच वेळ गप्प होता. हा प्रश्न दोन्ही सरकारांच्या वकिलांनी विचारात घेतलेला नाही, हे त्याला पटलेलं दिसलं. मग म्हणाला, "मग धारवाडला जाऊया की."

सावजी खानावळीत मात्र त्याचं पितळ उघडं पडतं. गावातल्याच एका बोळातली, चार बाकांची. स्टीलचं ताट, त्यात ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगाची चटणी, आणि वाटीत काळपट लाल रस्सा. त्यावर तेलाचा तवंग असा की आधी तो बोटभर बाजूला सारायचा, मगच खाली रस्सा दिसतो. खिमा उंडे मागवले तर गोळा हातानं फोडायचा, आत मसाला वाफाळत असतो. पहिल्या घासाला कपाळावर घाम येतो, दुसऱ्याला नाक वाहतं, तिसऱ्याला माणूस बोलायचा थांबतो. तिकडचाही थांबतो. मान खाली घालून तीन भाकऱ्या संपवतो, रस्सा तीनदा मागून घेतो, बोटं चाटतो, पाण्याचा तांब्या रिकामा करतो. आणि मग घाम पुसत म्हणतो, "बरं होतं. पण तिकडं..." आम्ही बिल त्याच्या हातात देतो.

तर एका शनिवारी त्याचं 'तिकडं' निपाणी होतं. पाऊणशे किलोमीटर. "हायवे हाय, तासात पोचतोय," म्हणाला. काकती गेली, हत्तरगीला टोल दिला, संकेश्वर मागं पडलं, तवंदीचा घाट उतरलो. निपाणीच्या हवेत तंबाखूचा वास मिसळला तेव्हा आठ वाजून गेले होते आणि माझ्या लिंबू सोड्याचा कधीच निचरा झाला होता. तिथं याचा एक निपाणीकर दोस्त हायवेला उभाच होता. त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, घरच्यांची चौकशी केली आणि म्हणाला, "एवढ्या लांबनं आलाय, आणि निपाणीत जेवणार व्हय? तिकडं कागलला चला की. पांढरा रस्सा खावा तर तिथं."

म्हणजे निपाणीतही तो असतो. याची कल्पना यायला हवी होती.

निपाणीकर पुढच्या सीटवर बसला. कोगनोळीचा टोलनाका आला तिथं मी गाडी बाजूला घेतली आणि उतरलो. ड्रायव्हरलाही मतदानाचा हक्क असावा, अशी माझी मागणी होती. नाक्याजवळ ऑम्लेटची एक गाडी होती, पेट्रोमॅक्सच्या जागी आता एलईडी. तिथं समोरून आलेली एमएच झिरो नाइन उभी होती. कोल्हापूरची पाच पोरं, सगळी तोंडं आंबलेली, आणि एक जण बॉनेटला टेकून त्यांना सांगत होता, "भावा, कोल्हापुरात काय, रोजचंच आहे. बेळगावात सावजी खानावळीत जेवायचं. विषय हार्ड. पेट्रोलही तिकडंच टाकू, स्वस्तात पडतंय."

आमच्या दोघांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं आमच्या दोघांकडं पाहिलं. पुढचा पाऊण तास ते तिघं नाक्याच्या उजेडात उभे होते. मोबाइल निघाले, नंबर दिले-घेतले गेले, आडनावं कुणी विचारली नाहीत. आमचा त्याला शहापुरातल्या त्याच बोळाचा पत्ता समजावत होता. कुठं वळायचं, कोणत्या बाकावर बसायचं, खिमा उंडे किती वाजेपर्यंत मिळतात, सगळं. "तसला रस्सा जगात नाही गा," हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं.

मधल्या वेळात दोन्ही गाड्यांतल्या बाकीच्यांनी मिळून ऑम्लेट-पाव सांगितले. अंडी संपली, मग नुसते पाव भाजून घेतले, मग चहा. गाडीवाला कानडीत विचारायचा, मराठीत मोजायचा. पोटं भरल्यावर त्या तिघांना हाका मारल्या तर ते हातानंच 'थांबा' म्हणाले. गोव्याचा विषय निघाला होता.

बिल कुणी द्यायचं यावर मात्र वाजलं. कोल्हापूरकर म्हणाले, तुमच्या राज्यात उभे आहोत, पाहुणे आम्ही. आमच्यातला एक फीतवाला उसळला, "आमचं राज्य कुठलं ते ठरायचंय अजून!" शेवटी ड्रायव्हर म्हणून मी पैसे देऊन टाकले. वसुलीचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.