गव्हाळ वर्णाचा शिपाई

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची उंची किती असावी, हे शेवटी बॅटरीच्या सेलने ठरवलं. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनांच्या पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं. चालणार म्हणजे मोटर आली, मोटरला सेल आले, आणि सेल मावतील एवढं रणगाड्याचं पोट आलं. मॉडेल धडाक्यात खपलं. पुढचे रणगाडे काढायचे म्हणून मोजून पाहिलं, तर पहिला खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. झालं! एकास पस्तीस हे माप जगभर चालू झालं आणि रणगाड्याशेजारी उभे राहणारे शिपाईही त्याच मापाने जन्माला येऊ लागले. त्या हिशेबात साडेपाच फुटी गडी पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास भरतो.

असा एक गडी सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या ब्रिटिश आठव्या सेनेचा. अर्धी चड्डी, पसरट लोखंडी टोप, हातात ली-एन्फील्ड रायफल. खोक्यावरच्या चित्रातला त्याचा भाऊबंद उन्हाने लालबुंद झालेला गोरा आहे. मला मात्र याला मराठा करायचा आहे.

यात इतिहासाची ओढाताण अजिबात नाही. आठव्या सेनेत हिंदुस्थानी डिव्हिजन होत्या आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी एरिट्रियातल्या केरनपासून टोब्रुक आणि इटलीपर्यंत लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकटेच मशिनगनच्या मोर्च्यावर धावून गेले. टॉमी गनचं मॅगझीन बदलायला उसंत नव्हती, म्हणून ती नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोन शत्रूंना दस्त्याने लोळवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्या फौजेतला शिपाई टेबलावर उभा करायचा, तर तो गुलाबी असून कसं चालेल?

आणि रंगाच्या बाटल्यांत कातडीचा म्हणून जो रंग मिळतो, तो नेमका गुलाबी. बाटलीवर ‘फ्लॅट फ्लेश’ लिहिलेलं असतं. कोणाची, ते गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या वधूवर-सूचक जाहिराती याबाबतीत कितीतरी पुढे आहेत. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, शिवाय ‘नाकीडोळी नीटस’ ही वरची सवलत. रंगांच्या मांडणीत गव्हाळ कुठेच नाही. म्हणून तांबूस तपकिरी, पिवळी माती आणि किंचित पांढरा असं मिश्रण मी बशीत कालवत बसलो, तर बायको मागून म्हणाली, “अरे, याला पिवळा अंडरटोन जास्त झालाय. आजारी दिसतोय तो.” फाउंडेशनच्या शेड निवडण्यात तिने आयुष्यातली मोलाची वर्षं घालवली आहेत. त्या विद्येचा युद्धकार्यात असा उपयोग होईल, असं तिलाही वाटलं नसणार. तिच्या सांगण्यावरून लाल थेंबभर वाढवला आणि गडी खरोखरच बरा झाला.

त्याआधीचे संस्कार थोडक्यात सांगतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे प्लॅस्टिकवर बारीक शीर उठते. ती कायम कानावरून जाते; सपाट पाठ मोकळी असली तरी तिला कानच हवा असतो. ती चाकूने खरवडायची. मग साच्याचा तेलकटपणा जावा म्हणून साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासायचं. (“अभ्यंगस्नान घालतोयस का रे त्याला?” आईने विचारलंच.) वाळल्यावर करडा प्रायमर मारायचा आणि गड्याला बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, म्हणजे अंगाला हात न लावता फिरवता येतो.

खरी गंमत सावल्यांची. एवढ्याशा देहावर खोलीतला उजेड सगळीकडून सारखाच पडतो. चड्डीच्या चुण्या आहेत तिथेच असतात, पण दिसत नाहीत. म्हणून सूर्याचं काम आपण करायचं. पातळ केलेला गडद तपकिरी रंग चुण्यांत उतरू द्यायचा. मग फिकट रंगात ब्रश बुडवायचा, तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. “म्हणजे रंग फडक्याला आणि उरलंसुरलं शिपायाला,” असा बायकोने सारांश काढला. शेवटी वाळवंटातला माणूस म्हणून बुटांवर मातकट रंगाची पूड लावायला घेतली, तेव्हा तिने दारातल्या माझ्या बुटांकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

आता डोळे. जिवंत माणसाचा डोळा साधारण तीन सेंटिमीटर रुंद, म्हणजे आमच्या शिपायाचा मिलिमीटरलाही कमी. त्यातलं बुबुळ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. यासाठी कोलिन्स्की नावाचा ब्रश लागतो. सायबेरियाकडच्या एका विझल जातीच्या प्राण्याच्या शेपटीचे केस. अशा ब्रशांतली सर्वांत नावाजलेली, विन्सर अँड न्यूटनची मालिका १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनवली गेली. म्हणजे शिपायाने मिळवावा तो क्रॉसही तिच्याच नावाचा आणि त्याचे डोळे उघडावेत तो ब्रशही तिच्यासाठीचा. साम्राज्य कुठे कुठे घुसून बसतं पाहा.

कोपरं टेबलावर टेकायची, मनगटं एकमेकांना भिडवायची, श्वास धरायचा. पांढरा अगदी शुभ्र नको, किंचित मळकट हवा. बुबुळ वरच्या पापणीला टेकलं पाहिजे. चारी बाजूंनी पांढरं दिसलं, की टोब्रुक पडल्याची बातमी गड्याला आत्ताच कळली असं वाटतं. दोन्ही बुबुळं एकाच शत्रूकडे बघणं ही आणखी वेगळी साधना. अनुभवी मंडळी टोपाच्या सावलीत एक काळसर रेघ ओढून मोकळी होतात आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे. रेघेतला शिपाई उन्हाने डोळे बारीक करून बघतो आहे असं वाटतं, आणि वाळवंटात दुसरं काय करणार?

माझा भाचा हा शिपाई दिवाळीच्या किल्ल्यासाठी मागतो आहे. किल्ल्यावर मापाला कोणी विचारत नाही. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून उंच, वाघ तोफेहून मोठा, गवळण हत्तीच्या बरोबरीची. त्या मातीच्या मावळ्यांना कारागिराने दोन काळे ठिपके आणि झुबकेदार मिशी दिलेली असते, तीही फटकाऱ्यासरशी. तरी तो मावळा असा रोखून बघतो, की माझ्या कोलिन्स्कीने लाजून शेपूट घालावी. तेव्हा भाच्याला मावळे नवे घेऊन देईन. हा मात्र कपाटातच राहील.

कळावे. शिपाई बघण्यास येणाऱ्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. हात लावू नये. ‘केवढ्याला पडला’ असे बायकोदेखत विचारू नये. ‘याला चावी कुठे असते’ असे विचारणाऱ्यांस चहा मिळणार नाही.